दोनशे बारा की दोनशे एकोणीस?

घरच्या कॉम्प्युटरवर प्रबंध दोनशे बारा पानांचा होता आणि कॉलेजच्या कॉम्प्युटरवर दोनशे एकोणीस. फाईल तीच, पेन ड्राइव्ह तोच, मजकुरात कानामात्रेचा फरक नाही. मध्ये होता तो फक्त बसचा प्रवास.

"सात पानं बसमध्ये वाढली की काय?" बाईंनी विचारलं.

"पानं अशी वाढत नसतात," त्यांचे यजमान गंभीरपणे म्हणाले. "याला कारण असतं. आणि ते कारण कॉलेजच्या कॉम्प्युटरमध्ये आहे."

"बघितलात का तुम्ही कॉलेजचा कॉम्प्युटर?"

"बघायला कशाला पाहिजे? इथं बरोबर येतंय ना?"

या गृहस्थांना घरात सगळे तज्ज्ञ म्हणत. मिक्सर दुरुस्त करता करता त्यांनी अख्ख्या जिन्याची वीज घालवली, त्या दिवशी त्यांच्या आईने हे नाव ठेवलं होतं. तज्ज्ञांना मात्र त्यातला टोमणा कधी टोचला नाही. त्यांनी ते पदवीसारखं धारण केलं. नोकरी नकाशे आखायची, छंद कॉम्प्युटरचा, आणि स्वभाव असा की बिघडलेली वस्तू दिसली की डोळ्यांत चमक यायची. न बिघडलेली दिसली तरीही यायची.

बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि गेली सात वर्षं बागेतल्या गोगलगायींवर प्रबंध लिहीत होत्या. गोगलगायीला उचलून लांब नेऊन सोडलं तरी तिला आपल्या घरची वाट कशी सापडते, हा विषय. तज्ज्ञांचा या प्रबंधाला हातभार दोन गोष्टींचा. एक म्हणजे, पाहुणे आले की ते 'गोगलगाय अन् पोटात पाय' एवढं म्हणून हसत. आणि दुसरी म्हणजे, शेवटच्या वर्षी त्यांनी बाईंना साधं टायपिंग सोडायला लावून पानं जुळवणाऱ्या एका खास सॉफ्टवेअरची दीक्षा दिली होती. त्यात पान कसं दिसावं याची चिंता आपण करायची नसते. समास किती, ओळींत अंतर किती, आकृतीखाली अक्षर केवढं, या सगळ्या नियमांची एक तयार पुरचुंडी मिळते, तिला पॅकेज म्हणतात. विद्यापीठाने आपलं पॅकेज दिलेलंच होतं. ते लावायचं, बटण दाबायचं आणि पानं खाली पडायची वाट बघायची.

"कुठल्याही कॉम्प्युटरवर चालव, पानं हुबेहूब तीच येणार," असं तज्ज्ञ तेव्हा छातीठोकपणे म्हणाले होते. म्हणूनच तर आता हा प्रश्न त्यांच्या जिव्हारी लागला होता.

आणि वेळही अशी नेमकी! शुक्रवारी पाचच्या आत प्रबंध विद्यापीठात पोचायला हवा होता. बाईंच्या मार्गदर्शक मॅडम महिनाअखेर निवृत्त होत होत्या. शुक्रवार हुकला, तर नवे मार्गदर्शक, नवी नोंदणी, आणि सात वर्षांवर पाणी. त्यातून प्रबंध स्वीकारायला खिडकीत जे कारकून बसत, ते प्रबंध वाचत नसत, मोजत. हातात प्लॅस्टिकची पट्टी. डावा समास दीड इंच म्हणजे दीड इंच. केसभर इकडेतिकडे झालं की गठ्ठा परत. मागच्या वर्षी इतिहासाच्या एका सरांना त्यांनी तीनदा माघारी पाठवलं होतं, आणि तिसऱ्यांदा सर खिडकीपाशीच खाली बसले होते म्हणे.

"यातला खरा कुठला, ते सांगा म्हणजे झालं," बाई म्हणाल्या. "तो छापून देऊन टाकते."

"असं कसं? दोन्ही एकसारखे आल्याशिवाय खरा कुठला ते कळणार कसं?"

कोपऱ्यात माळ ओवत बसलेल्या आई म्हणाल्या, "दोन घड्याळं ठेवली की वेळ कळेनाशी होते, बाबा."

सोमवारी तज्ज्ञांनी ऑफिसात रजा टाकली आणि तिथल्याच सर्व्हर सांभाळणाऱ्या मित्राला फोन लावला. त्याने निम्मंच ऐकून घेतलं.

"व्हर्जन वेगळी असणार. तुझं जुनं, नाहीतर त्यांचं जुनं. दोन्ही नवी करून टाक."

"माझं जुनं कसं असेल?"

"कधी टाकलं होतंस?"

तज्ज्ञांनी आठवून पाहिलं. तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस होते. त्यांनी फोन ठेवला आणि नवं व्हर्जन उतरवायला घेतलं. दुपारभर पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. या काळात घरात कुणी इंटरनेट वापरायचं नाही, असं फर्मान निघालं. आईंची मालिका मधेच थांबली आणि त्या देव्हाऱ्याकडे बघावं तशा त्या कॉम्प्युटरकडे बघत बसल्या, फक्त नजरेत भक्ती नव्हती. संध्याकाळी तज्ज्ञांनी हात चोळत बटण दाबलं.

दोनशे बारा.

"ठीक आहे," ते म्हणाले. "म्हणजे आता तर सिद्धच झालं. बिघाड तिकडेच."

बाई भाजी चिरता चिरता थांबल्या. "अहो, मी काय म्हणते, पट्टी घेऊन—"

"थांब जरा. मध्ये बोलू नकोस, धागा तुटतो."

बाईंनी पुन्हा भाजीकडे लक्ष वळवलं.

मंगळवारी तज्ज्ञ कॉलेजात जाऊन थडकले. कॉम्प्युटर लॅबचे सर सरळ माणूस होते. 'प्राणिशास्त्राच्या बाईंचे मिस्टर' म्हटल्यावर त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि आपण काय करून बसतो आहोत याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती. बाई सकाळी लवकरच बाहेर पडल्या होत्या, त्या लॅबमध्ये दिसल्या नाहीत. तज्ज्ञांना ते पथ्यावरच पडलं. काम करताना मागे कुणी उभं राहिलेलं त्यांना खपत नसे.

"तुमचं व्हर्जन जुनं आहे," तज्ज्ञांनी निदान केलं.

"पण चालतंय की नीट," लॅबचे सर म्हणाले.

"नीट चालल्यासारखं दिसतंय, सर. आतून पोखरलेलं असतं."

लॅबचे सर घाबरले. त्यांनी परवानगी दिली. दुपारपर्यंत दोन्ही कॉम्प्युटरांवर एकच व्हर्जन, त्याच दिवशी उतरवलेलं, एका आईच्या पोटची जुळी भावंडंच जणू. तज्ज्ञांनी बटण दाबलं.

दोनशे एकोणीस.

त्यांनी पुन्हा दाबलं. मग कॉम्प्युटर बंद करून, सुरू करून दाबलं. मग लॅबच्या सरांना दाबायला सांगितलं, उगाच, हातगुण वेगळा असतो म्हणून. कॉम्प्युटर आपल्या सात पानांवर ठाम होता. आता मात्र तज्ज्ञांचं डोकं गरगरायला लागलं. फाईल एक, पॅकेज एक, व्हर्जन एक, आणि उत्तरं दोन. नकाशात असं झालं असतं तर त्यांनी सरळ जमीन चुकली म्हटलं असतं.

संध्याकाळी बाई घरी आल्या त्या बऱ्याच खुशीत होत्या. चपला काढता काढताच म्हणाल्या, "अहो, ऐका ना, आज मी—"

"आधी माझं ऐक. व्हर्जनचा प्रश्नच नाही. फॉन्टचा आहे!"

"पण मी काय सांगत होते—"

"नंतर. आता माझ्या डोक्यात सगळं अगदी लख्ख आहे. मध्ये बोलू नकोस."

बाईंनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी डोळ्यांनीच खुणावलं की राहू दे.

फॉन्टचा सिद्धांत असा होता: कॉलेजच्या कॉम्प्युटरवरचा फॉन्ट अंगाने जरा आडवा असणार. नाव तेच, पण अक्षरं केसभर रुंद. रुंद अक्षरं म्हणजे जास्त ओळी, जास्त ओळी म्हणजे जास्त पानं. इलाज सोपा. आपल्या घरचे सगळे फॉन्ट न्यायचे आणि कॉलेजच्या फॉन्टांच्या जागी बसवायचे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण माणसाला कॉम्प्युटरच्या बाबतीतही लागू पडते, हे तज्ज्ञांनी बुधवारी सकाळी दाखवून दिलं.

पानं दोनशे एकोणीसच राहिली. बदललं ते बाकी सगळं. अर्ध्या तासात रसायनशास्त्राचे सर दारात उभे राहिले, हातात आपल्या प्रश्नपत्रिकेचा ताजा कागद.

"कुणी केलं हे?"

कागदावर रासायनिक अभिक्रियांमधल्या प्रत्येक बाणाच्या जागी एक छोटीशी कात्री आली होती. एका द्रव्यापुढे कात्री, मग दुसरं द्रव्य. कुठे कुठे दोन्ही बाजूंना तोंड असलेली कात्रीही होती.

"मुलांना काय सांगू? कापा म्हणून?"

"तात्पुरतं आहे," तज्ज्ञ म्हणाले.

"परीक्षा कायमची आहे!"

त्यांच्या मागून प्राचार्यांच्या कार्यालयातला शिपाई आला. मार्गदर्शक मॅडमच्या निरोप समारंभाची पत्रिका याच कॉम्प्युटरवर होती, आणि तिच्यात मॅडमच्या नावाच्या जागी आता नुसते चौकोन होते. लॅबच्या सरांनी काल दिलेली खुर्ची परत मागितली नाही एवढंच. फॉन्ट होते तसे बसवता बसवता तज्ज्ञांचा दिवस गेला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं पुटपुटत ते बाहेर पडले, तेव्हा लॅबला बाहेरून कुलूप घातल्याचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला.

घरी आल्यावर त्यांनी जेवणाचं ताट पुढे सरकवलं. "दोन दिवस राहिले," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "माझ्या नादाने तू हे सॉफ्टवेअर घेतलंस. सरळ टाइप केलं असतंस तर एव्हाना मोकळी झाली असतीस. तुझी सात वर्षं माझ्यामुळे जातील की काय, असं वाटायला लागलंय."

बाई त्यांच्या समोर बसल्या. "अहो, तसं काही नाही. खरं सांगू का—"

"नाही, तू समजूत घालू नकोस. मला सुचलंय काय करायचं. आपण पान पान ताडून बघायचं. पहिल्या पानापासून. कुठून फाटे फुटतात ते शोधायचं. उद्या तू लॅबमध्ये बस, मी घरी. फोनवर. मला लॅबमध्ये आता घेणार नाहीत."

बाई काही तरी बोलणार होत्या. पण प्रबंध पहिल्या पानापासून वाचायची भाषा या घरात त्यांनी सात वर्षांत पहिल्यांदाच ऐकली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं."

गुरुवारी दोन टोकांना दोघं बसले.

"पान पाच. तुझ्याकडे शेवटचा शब्द काय?"

"'ओलावा'."

"माझ्याकडे 'ओलावा'च्या पुढची अख्खी ओळ आहे. बरं, पान सहा."

तज्ज्ञांनी आधी नुसते शेवटचे शब्द वाचले. मग शेवटचं वाक्य. मग शेवटच्या वाक्याचा अर्थ लागेना म्हणून आधीचा परिच्छेद. पान वीसच्या सुमाराला प्रश्नांची जात बदलली.

"अगं, या गोगलगायींच्या पाठीवर लाल ठिपके तू लावलेस?"

"हो. ओळखू याव्यात म्हणून."

"कशाने?"

"नेलपॉलिशने."

"म्हणजे त्या वर्षी तू एवढं नेलपॉलिश आणत होतीस ते..."

"तुम्हाला वाटलं, मी नटायला लागले."

तज्ज्ञांनी त्या वर्षी हे बोलून दाखवलं होतं, तेही पाहुण्यांसमोर.

"पान एकसष्ट," मग ते म्हणाले. "ती जी तू भिंतीपलीकडच्या बागेत नेऊन सोडलीस, ती माझ्याकडे घरी पोचली."

"माझ्याकडे अजून भिंतीवरच आहे."

"चढतेय की उतरतेय?"

"चढतेय."

"अगं, इथं पाऊस थांबून ऊन पडलं, ती शंखात जाऊन दोन दिवस चिकटून बसली, पुन्हा पाऊस आला, मग उतरली! आणि तू रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन तिथं उभी?"

"मग कोण उभं राहणार?"

"मी कुठं होतो तेव्हा?"

"आत. कॉम्प्युटर खोलून बसला होतात."

दुपारचं जेवण राहून गेलं. आईंनी दोनदा हाक मारली, आणि तिसऱ्यांदा येऊन पाहिलं तर मुलगा फोनवर बायकोशी गोगलगायीच्या वासाच्या वाटेबद्दल वाद घालत होता आणि हरत होता. त्या आल्या पावली परत गेल्या. शेवटचं पान उलटलं तेव्हा तज्ज्ञांना दोन गोष्टी कळल्या होत्या. एक म्हणजे, आपली बायको काय करते हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं. आणि दुसरी म्हणजे, घरच्या प्रत्येक ओळीत एखादा शब्द जास्त मावत होता. फॉन्ट तोच, अक्षरं तेवढीच. कॉलेजची ओळच आखूड होती.

"म्हणजे त्यांचा समास मोठा आहे!" ते ओरडले. "मी म्हणत नव्हतो? उद्या पुराव्यानिशी दाखवतो."

पुराव्यासाठी शुक्रवारी सकाळी त्यांनी घरचं एक पान छापलं, आईंच्या शिवणाच्या डब्यातली पट्टी घेतली आणि डावा समास मोजला. सव्वा इंच. त्यांनी पट्टी उलटी धरून मोजला. उलट्या पट्टीनेही सव्वा इंचच भरला. बाब्याच बिघडला होता.

विद्यापीठाचं पॅकेज समासापुरतं ज्या जुन्या, सर्वसाधारण पॅकेजवर विसंबून असतं, त्याची फाईल तज्ज्ञांनी उघडली, आणि तिथे पाव इंच वजा करणारी ओळ पाहताच त्यांना सगळं आठवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी सोसायटीच्या सभेची नोटीस एका पानात मावत नव्हती. दोन ओळी पुढच्या पानावर जात होत्या. दुसरा कुणी असता तर त्याने दोन ओळी कापल्या असत्या. तज्ज्ञांनी थेट पॅकेजच्या पोटात हात घालून समास पाव इंचाने आखूड केला, आणि ही सुधारलेली प्रत कधी पुसली जाऊ नये म्हणून अशा खास कप्प्यात ठेवली की सॉफ्टवेअर सगळ्यात आधी तिथंच बघेल. त्यामुळे नवं व्हर्जन आलं काय आणि गेलं काय, घरचा कॉम्प्युटर आपल्या धन्याचा शब्द इमानाने पाळत राहिला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही कॉलेजला कात्र्या वाटत.

त्यांनी ती प्रत काढून टाकली आणि बटण दाबलं. दोनशे एकोणीस! त्यांना हसावं की रडावं कळेना. घड्याळात अजून वेळ होता. दोनशे एकोणीस पानं छापायची, विद्यापीठ गाठायचं, पाचच्या आत खिडकी गाठायची. शर्टाची बटणं वरखाली लावून ते जिन्याने धावत सुटले. वाटेत त्यांनी दोनदा फोन लावला. बाई तासावर होत्या.

कॉलेजात शिक्षकांच्या खोलीत बाई आणि मार्गदर्शक मॅडम निवांत चहा घेत बसल्या होत्या.

"सापडलं!" तज्ज्ञ दारातूनच म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "कॉलेजचा कॉम्प्युटर बरोबर होता. चूक माझ्या कॉम्प्युटरची होती. म्हणजे... चूक माझीच होती. आता दोन्हीकडे दोनशे एकोणीस. चल, उठ, छापू, अजून वेळ आहे!"

मॅडमनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी कप खाली ठेवला.

"अहो, प्रबंध मी मंगळवारीच दिला."

"कुठं?"

"विद्यापीठात. सोमवारी कॉलेजची प्रत छापली, पट्टीने मोजली. दीड इंच भरला. म्हटलं, हाच खरा. कारकुनांनी मोजली, त्यांचाही दीड इंच भरला. पावती दिली."

तज्ज्ञ हळूहळू खुर्चीत बसले. मंगळवार, बुधवार, कात्र्या, चौकोन, गुरुवार, भिंत, शुक्रवार, जिना, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सोमवारी सांगायला लागले, तुमचा धागा तुटत होता. मंगळवारी सांगायला लागले, तुमच्या डोक्यात लख्ख होतं. बुधवारी खरंच सांगणार होते, तुमचा चेहरा बघवेना. पण तुम्ही म्हणालात, पहिल्या पानापासून वाचू. मग मला सांगवेना. मला वाटलं, वाचू दे. राग आला असेल तर घरी गेल्यावर बोला, इथं मॅडम आहेत."

तज्ज्ञांना राग आला होता, पण तो नेमका कुणाचा हे कळत नव्हतं. बायकोचा म्हणावं तर तिचं चुकलं नव्हतं, आणि सोसायटीचा म्हणावं तर नोटीस त्यांनीच टाइप केली होती. मॅडमनी त्यांच्यापुढे चहा सरकवला.

"दोन महिन्यांनी हिची तोंडी परीक्षा आहे," मॅडम म्हणाल्या. "तयारी करून घ्यायला कुणीतरी हवं. प्रबंध अथपासून इतिपर्यंत वाचलेलं माणूस शोधतोय आम्ही. हिच्याशिवाय मी एक वाचलाय, पण मी तर चालले."

"परीक्षक वाचतील ना?"

"त्यांचं सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या.

तज्ज्ञांनी चहाचा घोट घेतला, वरखाली लागलेली बटणं सोडून नीट लावली, आणि परीक्षकासारखं खाकरून म्हणाले, "पान एकशे चाळीसवर तुम्ही म्हणता की त्यांना वाट वासाने सापडते. पण पावसाने वास धुऊन गेल्यावरही ती परत आली. ते कसं?"

बाई ताठ बसल्या.

"आधी सांगा, सर," त्या म्हणाल्या. "कुठलं एकशे चाळीस? घरचं की कॉलेजचं?"